नाताळची उपासना यंदा नववीची मुले चालवणार आहेत. तयारी कशी करून घ्यावी?

खडूफळा

सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशन शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो. नववीचा वर्गशिक्षक आहे. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. आवारातच दगडी चर्च आहे, मागे मुलांचे बोर्डिंग. नाताळच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी सगळी शाळा चर्चमध्ये जमते. आजवर उपासना पाळक साहेब चालवत. मुलांकडे दोन गीते आणि ख्रिस्तजन्माचे नाटुकले एवढेच. यंदा मुख्याध्यापिका बाईंनी ठरवले आहे की पहिल्या गीतापासून शेवटपर्यंत सगळे नववीच्या मुलांनीच करायचे आणि पाळक साहेबांनी बाकावर बसायचे. पाळक साहेबांनाही हे फार आवडले आहे. काम माझ्याकडे आले आहे आणि मला ते मनापासून चांगले करायचे आहे.

वर्गात ख्रिस्ती मुले थोडी. पण "कोणाला भाग घ्यायचा?" म्हटल्यावर जवळजवळ सगळा वर्ग पुढे आला. सगळ्यांत स्वच्छ वाचणारी मुलगी मुसलमान घरातली आहे. तबला उत्तम वाजवणारा मुलगा माळकऱ्यांचा, आजोबांबरोबर रोज हरिपाठाला बसतो. यांना कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये? त्यांच्या घरी काय सांगावे?

संदेश मुलाने द्यावा का? की तेवढा पाळक साहेबांकडेच ठेवावा?

सराव घेतला तर प्रत्येक जण वक्तृत्व स्पर्धेला उभा राहिल्यासारखा हात उंचावून बोलतो. प्रार्थनासुद्धा तशीच. हे कसे घालवायचे?

आणि एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो. त्याला शास्त्रपाठ वाचायचाच आहे. त्याला नाही म्हणायची माझी अजिबात इच्छा नाही. पण सगळी शाळा समोर असेल, लहान वर्गांतली मुले हसतील, अशी धास्ती वाटते.

ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

वसईकर

आमच्याकडे कॅथलिकांत उपासनेची घडण वेगळी, तरी थोडा उपयोग होईल म्हणून लिहितो. मुलांच्या मिस्साविषयी, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेविषयी, रोमहून 1973 साली एक मार्गदर्शिका आली. मुलांनी नुसते बसून ऐकू नये, वाचन, गायन, अर्पणाच्या वस्तू वेदीकडे आणणे, प्रार्थना सांगणे ही कामे त्यांनी करावीत, असा तिचा रोख आहे. शुभवर्तमान वाचणे आणि प्रवचन मात्र फादरांकडेच. मुलांना समजेल असे बोलायचे म्हणून फादरांच्या संमतीने एखादा प्रौढ प्रापंचिकही (म्हणजे धर्मगुरू नसलेला माणूस) शुभवर्तमानानंतर बोलू शकतो.

आमच्या गावात मुलांचा खरा सहभाग दिसतो तो लोकांच्या प्रार्थनांच्या वेळी. वाचन कोणाचेही असो, ते शब्द छापलेले असतात. प्रार्थना मुलांना स्वतः लिहू दिल्या की सगळे चर्च कान देऊन ऐकते. तुमच्याकडे फादर नाहीत, पाळक आहेत, नियम तुमचे पाळायचे. पण प्रार्थना मुलांनाच लिहू द्या, एवढे आवर्जून सांगतो.

एक व्यवहाराची गोष्ट. सराव वर्गात घेऊ नका, चर्चमध्येच घ्या. दगडी इमारतीत आवाज घुमतो. तिथे मुलांना वर्गातल्यापेक्षा बरेच सावकाश बोलावे लागते आणि ते सांगून कळत नाही. मागच्या बाकावर एक मुलगा बसवा आणि ऐकू आले नाही की त्याला हात वर करू द्या.

गुलमोहर

खडूफळा सर, सलाम. मी नगरलाच मुलींच्या मिशन शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि रविवारी शब्बाथ शाळाही बरीच वर्षे घेतली. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून लांबलचक लिहिते.

आधी घरच्या संमतीचे, कारण ते झाल्याशिवाय बाकीचे काही करू नये. संविधानाचे कलम 28(3) वाचून ठेवा. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. कलम 30 ने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून शाळा चालवण्याचा हक्क दिला, तो मला प्रिय आहे. कलम 28(3) सुद्धा मला तितकेच प्रिय आहे. जबरदस्तीने म्हणवून घेतलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असे मी ख्रिस्ती म्हणून मानते.

तेव्हा चिठ्ठीवर नुसती सही मागवू नका. ज्या मुलांना पुढे उभे राहायचे आहे त्यांच्या आईवडिलांना बोलवा, उपासनेचा पूर्ण कागद हातात द्या आणि "तुमची मुलगी हे वाचणार, हे म्हणणार नाही" असे बोटाने दाखवा. मुलीचे आईवडील खुशीने हो म्हणाले तरच पुढे जा. जी मुले उपासनेला येणारच नाहीत त्यांच्यासाठी त्या वेळात ग्रंथालय उघडे ठेवा आणि एखादे शिक्षक तिथे बसवा. वर्गात नुसते बसवून ठेवले तर मुलांना ती शिक्षा वाटते.

काय द्यावे, काय देऊ नये, याला माझा एकच निकष असे: मुलाला जे खरेपणाने म्हणता येईल तेच त्याच्या तोंडी द्यायचे. शास्त्रपाठ कोणीही वाचू शकते. जे लिहिले आहे ते ती वाचून दाखवते. पाहुण्यांचे स्वागत, अर्पणाच्या थाळ्या, वाद्ये, सूत्रसंचालन हेही कोणालाही चालेल. पण विश्वासांगीकार आणि पापांगीकार यांत "मी मानतो", "आम्ही कबूल करतो" असे शब्द येतात. ते ख्रिस्ती मुलांनीच सांगावेत, आणि त्यांनाही आधी विचारावे. ख्रिस्ती घरातले मूल म्हणून त्याला गृहीत धरू नये. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेत इतर मुलांना "आता आपण शेतकऱ्यांची आठवण करू या आणि थोडा वेळ शांत राहू या" एवढे म्हणता येते. ते त्यांच्या घरच्या श्रद्धेलाही धरून असते.

माळकऱ्यांच्या मुलाला मात्र पाहुणा समजू नका. आपल्या उपासनेतली किती गीते अभंगाच्या आणि ओवीच्या चालीची आहेत ते पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) या आपल्या नगर-राहुरीच्या परिसरात राहिले आणि संतांच्या वाणीवरचे प्रेम त्यांनी बाप्तिस्म्यानंतरही सोडले नाही. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून आहे. हरिपाठात वाढलेल्या मुलाच्या हाताला ही लय आधीच ठाऊक असते. कीबोर्डवर रेडीमेड ठेका लावण्यापेक्षा त्याचा तबला, पेटी आणि दोन टाळ घ्या. आमच्या मुलींत भजन सुरू झाले की मागच्या बाकावरच्या आज्या टाळ्या धरत.

शास्त्रपाठांसाठी एक रचना सुचवते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात 1918 पासून, म्हणजे पहिले महायुद्ध संपले त्या वर्षापासून, नाताळच्या आदल्या दिवशी नऊ पाठ आणि गीतांची उपासना होते. पहिला पाठ गायकवृंदातला लहान मुलगा वाचतो आणि शेवटचा कॉलेजचे प्रमुख. मोठ्यांपासून सुरू करायची आपली सवय तिथे उलटी होते. शाळेला नऊ पाठ झेपत नाहीत, म्हणून आम्ही पाच घेत असू: यशया 9, मीखा 5, लूक 1 मधला मरीयेचा भाग, लूक 2 मधले मेंढपाळ आणि मत्तय 2 मधले मागी लोक. पहिला पाचवीतली मुलगी वाचायची, मधला एखादा शिपाई मामा किंवा बोर्डिंगच्या स्वयंपाकाच्या मावशी, शेवटचा मोठ्या बाई. मावशींना लिहितावाचता फारसे येत नसे. त्यांचा पाठ आठवीच्या मुलींनी रोज रात्री भांडी झाल्यावर त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. तुमची उपासना नववीची आहे, म्हणून बाकीचे चार नववीला द्या, पण एक पाठ अशा माणसाला ठेवाच.

वाचनाची तयारी अशी घ्या. लूक 2 च्या पहिल्याच ओळींत कैसर औगुस्त आणि क्विरीनिय येतात. ही नावे मुलांच्या जिभेवर बसेपर्यंत अर्थाकडे जाऊ नका, कारण नावाच्या भीतीने मुले आधीच्या दोन ओळी गिळतात. मग बायबल मिटायला सांगा आणि "काय झाले ते आपल्या भाषेत सांग" म्हणा. गोष्ट सांगताना वक्तृत्वाचा हात आपोआप खाली येतो. त्याच आवाजात पुन्हा वाचून घ्या. हात उंचावू नकोस असे एकदाही म्हणावे लागत नाही. संदर्भ सांगितल्यावर लोकांना पान उघडायला वेळ द्यायचा, हेही शिकवा. त्या वेळात मुलांना फार अवघडल्यासारखे होते. पाने वाजायची थांबली की वाचायला लाग, असे मी मुलींना सांगे.

प्रार्थनांबद्दल वसईकर म्हणाले ते अगदी खरे. मी वर्गात एकच प्रश्न फळ्यावर लिहीत असे: "या आठवड्यात तुला कोणाची काळजी वाटते?" मुली चिठ्ठ्या लिहीत. आपल्या भागात डिसेंबरात निम्म्या बोर्डिंगचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. एकीने लिहिले होते, "देवा, माझी आई आणि पप्पा फडात आहेत. रात्री कोपीत लई थंडी लागते. बाळाला घोंगडी पुरू दे." हे मी "हे दयाळू स्वर्गीय पित्या, ऊसतोड कामगारांवर तुझी कृपा असो" असे करून देऊ शकले असते. तसे करू नका सर. लई म्हणजे लईच राहू द्या. फक्त दोन गोष्टी बघा: घरातले भांडण, आजार, दारू असे काही आले तर मुलीला बाजूला घेऊन विचारा की हे सगळ्यांसमोर वाचायचे का, आणि कोणाचे नाव आले तर त्या माणसाची हरकत नाही ना, हे पाहा.

तुमच्या अडखळणाऱ्या मुलाविषयी. एकट्याने बोलताना अडखळणारे बरेच जण दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना अडखळत नाहीत. वाचेच्या अडचणींवर उपचार करणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. म्हणून त्याला एका मित्राबरोबर जोडीने वाचायचा पर्याय जरूर द्या, किंवा स्तोत्र आळीपाळीने वाचा आणि त्याला मंडळीबरोबरची ओळ द्या. पण निर्णय त्याचा. एकट्यानेच वाचायचे म्हणाला तर वाचू द्या, आणि शिक्षकांना आधी बजावून ठेवा की त्याचा अडलेला शब्द कोणीही पुढून पूर्ण करायचा नाही. लहान मुले हसतात ती मोठ्यांचे तोंड बघून. मोठे शांत राहिले तर तीही राहतात.

संदेश मुलाने द्यावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याला पाळक साहेबांची नक्कल करायला लावू नये. "आपण सर्वांनी प्रेमाने राहावे, आईवडिलांची आज्ञा पाळावी" असला संदेश चौदा वर्षांच्या मुलाने द्यावा यात मला काही अर्थ दिसत नाही, ते मोठ्यांना खूश करणे झाले. पाळक साहेबांना मुलाबरोबर दोन-तीनदा बसवा. उतारा वाचायचा आणि विचारायचे, यात तुला काय टोचले? आमच्या एका मुलीला "उतारशाळेत जागा नव्हती" हे टोचले होते. तिची धाकटी बहीण दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये जन्मली होती. तेव्हा आईजवळ कोण होते, अंगावर काय पांघरले, ड्रायव्हरने जीप कुठे उभी केली आणि स्वतः पाठ फिरवून कसा उभा राहिला, हे तिने सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "मरीयेजवळ बाई कोण होती ते लिहिलेले नाही, पण असणार." त्यापुढे काही नाही, खाली बसली. त्या ओळीवर मी आयुष्यभर उपदेश ऐकले आहेत, पण मरीयेजवळच्या त्या बाईचा विचार मला कोणी आधी दिला नव्हता.

पारनेरकर

वरचे वाचून राहवले नाही. मी ख्रिस्ती नाही. धनगर घरातला, मिशनच्या बोर्डिंगात शिकलो. दिवाळीनंतर आमचा वाडा मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरायचा आणि मी शाळेत राहायचो, त्यामुळे नाताळ माझा बोर्डिंगातच जायचा.

मला मेंढपाळांचा पाठ दिला होता. आमच्या सरांनी आधी दादांना निरोप पाठवून विचारले होते. दादांनी उलट निरोप दिला की मेंढरांचं आहे ना, मग वाचू दे. सराव करताना सरांनी विचारले, रात्री कळपाची राखण म्हणजे काय करतात? वर्गात ते कोणालाच नीट सांगता आले नाही, मला आले. शेतात मेंढरे बसवली की भोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावायची, लांडग्यासाठी कुत्री सोडायची, आळीपाळीने जागायचे, नवे कोकरू असेल तर घोंगडीत घेऊन बसायचे. सर म्हणाले, हे तू वाचण्याआधी सगळ्यांना सांग. एरवी मी वर्गात अंगाला लोकरीचा वास येतो म्हणून मागे बसायचो. त्या दिवशी सगळ्या शाळेला मेंढपाळ म्हणजे कोण ते मी सांगितले.

मी तेव्हाही ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही, आणि त्या शाळेत मला कोणी तसे हो म्हणालेही नाही. पण ते वाचन माझे होते. म्हणून सर, त्या मुसलमान मुलीला "तुला अडचण होईल" म्हणून परस्पर वगळू नका. तिला आणि तिच्या घरच्यांना विचारा. नको म्हणाली तर ठीक. ते ठरवायचा हक्क तिला द्या.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचे उत्तर छापून मुख्याध्यापिका बाईंना दिले.

काल मुलीचे वडील येऊन गेले. कागद शांतपणे वाचला. मरीयेचा भाग बघून म्हणाले, मरियमची हकीकत आमच्याही कुराणात आहे, तिच्या नावाची सूरा आहे, लेक आनंदाने वाचेल. प्रार्थना मात्र म्हणणार नाही. तसेच ठरले. लूक 1 तिच्याकडे. तबल्याचा प्रश्न आजोबांनीच सोडवला, ते स्वतः टाळ घेऊन येणार आहेत.

अडखळणाऱ्या मुलाला दोन्ही पर्याय दिले. जोडीने वाचतो म्हणाला, पण जोडीदार त्याने स्वतः निवडला, वर्गातला सगळ्यांत दंगेखोर मुलगा. मी काही बोललो नाही.

आता दोनच शंका. संदेश किती वेळाचा असावा? आणि शेवटचा आशीर्वाद कोणी द्यायचा? मुले म्हणतात तोही आम्हीच.

गुलमोहर

सर, जोडीदार त्याने निवडला हे फार बरे झाले. दंगेखोर मुलगा बाजूला उभा असताना हसायची कोणाची छाती होणार नाही, हे त्याने बरोबर ताडले आहे.

संदेश पाच मिनिटांचा. लिहून काढलेला असावा, पण बोलताना कागद खाली ठेवलेला. मुलगा मध्ये विसरला तर थांबू द्या. तुम्ही पहिल्या बाकावर बसा, म्हणजे त्याला ओळखीचा चेहरा दिसेल.

आशीर्वादाचे असे आहे की आपल्या मंडळ्यांत "तुम्हांवर असो" असे हात उंचावून म्हणणे दीक्षित, म्हणजे विधिपूर्वक दीक्षा झालेल्या, पाळकांकडे असते, आणि मुलांनी ते घेऊ नये असे मलाही वाटते. पण दीक्षित पाळक नसतानाही मंडळी जमते, तेव्हा 2 करिंथ 13 मधले कृपेचे वचन सगळे मिळून म्हणतात, "तुम्हां" ऐवजी "आपणां सर्वांबरोबर" असे. मुलांनी ते सुरू करावे, सगळ्यांनी पाठोपाठ म्हणावे. एरवी पाळक साहेबांना त्यांच्या जागेवरूनच आशीर्वाद द्यायची विनंती करा. पुढे यायची गरज नाही. दोन्हींतले काय हवे ते मुलांना पाळक साहेबांशी बोलूनच ठरवू द्या, तो संवादही त्यांच्या तयारीचा भाग आहे.

आणि आजोबा टाळ घेऊन येत आहेत तर त्यांना गीतांचे शब्द आधी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. कोणती गीते धरायची आणि कुठे नुसते बसून राहायचे ते त्यांचे त्यांना ठरवता येईल. पेटी आणि तबला आदल्या दिवशीच चर्चमध्ये नेऊन ठेवा. डिसेंबरातल्या थंडीने दगडी इमारतीत तबला उतरतो, तेव्हा उपासनेआधी स्वरात आणायला अर्धा तास हाताशी ठेवा.